नोंद नसलेले दाणे

आषाढात आमच्या लॅबमधलं रक्तपेशी मोजायचं मशीन हमखास रुसतं. बेळगावचा पाऊस एकदा धरला की आठ-आठ दिवस सुटत नाही. टिळकवाडीत लाईट जाते, येते, परत जाते, आणि चौथ्या-पाचव्या झटक्याला मशीन पडद्यावर काहीतरी इंग्रजी तक्रार लिहून गप्प होतं. दुरुस्तीचा माणूस हुबळीहून येणार, म्हणजे दोन दिवस गेलेच. बाहेर बाकावर तापाची माणसं दाटीवाटीनं बसलेली, फरशीवर छत्र्यांचं पाणी. एकच प्रश्न कधी मराठीत, कधी कानडीत, कधी दोन्हींच्या मिसळीत आत येत राहतो, "पेशी किती हाइत हो बाई?" डेंग्यूच्या दिवसांत लोक 'पेशी' म्हणतात ते प्लेटलेटना. पांढऱ्या पेशींचं त्यांना काही पडलेलं नसतं. माझं पोट गेली 34 वर्षं त्यांच्यावरच चाललंय.

मशीन बसलं की मी कपाटातून जुना डीसी काउंटर काढते. डीसी म्हणजे पांढऱ्या पेशींची जातवार मोजणी. पाच कळा, पाच जातींच्या पांढऱ्या पेशींसाठी. मोहरीएवढा रक्ताचा थेंब काचेवर ठेवायचा, दुसऱ्या काचेच्या कडेनं पुढं ओढायचा, जिभेसारखा पातळ थर पडला की वाळवायचा. वर लीशमनचा रंग, मग बफर, मग नळाखाली धुणं. मायक्रोस्कोपखाली तेलाचा थेंब टाकून एका माणसाच्या शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. न्यूट्रोफिल टक, न्यूट्रोफिल टक, लिम्फोसाइट टक. शंभर झाल्या की घंटी वाजते. मशीन येण्याआधी पंधरा वर्षं मी दिवसाला तीस-तीस स्लाइडी अशा मोजल्या आहेत. हिशोब केला तर कोटभर पेशी माझ्या डोळ्यांखालून गेल्या असतील. सगळ्या मेलेल्या. लीशमनच्या रंगात मिथेनॉल असतं. ते पेशीला जिथं आहे तिथं, जशी आहे तशी थिजवतं, आणि मगच तिच्यावर जांभळा-गुलाबी रंग चढतो. एवढी वर्षं ज्यांची खानेसुमारी केली, त्यांतली एकही मी कधी हलताना बघितली नव्हती.

गेल्या आषाढात भाची आली. माझं माहेर निपाणीचं, धाकट्या भावाची ही मुलगी, पुण्यात इम्युनॉलॉजीत पीएचडी करते. लॅबमध्ये माझ्या शेजारी स्टुलावर बसून तिनं फोन पुढं केला.

"आत्या, हे बघ की."

"काय हाय ते?"

"टी सेल. लिम्फोसाइटचीच एक जात. जिवंत हाय. थांब, मी परत लावतो."

(आमच्याकडं बायकाही 'मी लावतो, मी जातो' म्हणतात. पुण्यात ती 'लावते' म्हणते, गाडीनं पंचगंगा ओलांडली की 'लावतो'. मीही लिहिताना 'आले' लिहिते आणि लिहून उठल्यावर 'आलो' म्हणते. वाचणाऱ्यांनी दोन्ही चालवून घ्यावं.)

केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत घेतलेली ती फिल्म होती. रंग नंतर भरलेले, वेळ दाबून छोटा केलेला. एक पेशी दुसऱ्या मोठ्या गोल पेशीभोवती हुंगत फिरते. मोठी ती कॅन्सरची. फिरणारीची पुढची कड सारखी उघडझाप करत असते, ओलं फडकं झटकावं तशी. मग ती थांबते. दोघींची अंगं चिकटतात. तिच्या पोटात मागच्या बाजूला असलेले लाल दाणे गोळा होतात, पुढं सरकतात आणि चिकटलेल्या जागेच्या अगदी पाठीशी येऊन उभे राहतात. थोड्या वेळानं समोरच्या पेशीवर फुगे येतात, दूध उतू जाण्याआधी येतात तसे. ती आक्रसते. टी सेल तिला सोडून पुढच्या पेशीकडं निघून जाते.

"हे लाल दाणे कसले?"

"ग्रॅन्यूल. त्यातच तर सगळं असतंय."

मी फोन तिच्या हातात दिला आणि परत मायक्रोस्कोपला डोळा लावला. लिम्फोसाइट ही स्लाइडवरची सगळ्यांत कंटाळवाणी पेशी. गोल गडद केंद्रक, भोवती निळसर पातळ किनार, संपलं. बी आहे का टी, हे लीशमनमध्ये कळतही नाही. पण त्यांत काही जरा मोठ्या निघतात. त्यांची किनार रुंद असते आणि त्या किनारीत पाच-सात जांभळट-लाल दाणे विखुरलेले असतात. शिकताना सरांनी सांगितलं होतं, "लार्ज ग्रॅन्युलर लिम्फोसाइट. लिम्फोसाइटमध्येच धरायची." धरत गेले. रिपोर्टात त्यांना वेगळा रकाना नाही. त्या बहुतेक नॅचरल किलर पेशी असतात, काही मारेकरी टी पेशी, आणि ते दाणे म्हणजे त्यांच्या दारूगोळ्याच्या पिशव्या. मी शस्त्रं बघत होते आणि कळ दाबत होते, लिम्फोसाइट, एक.

त्या रात्री जेवणं झाल्यावर भाचीला बसवून घेतलं. म्हटलं, माझ्या काउंटरवरच्या एकेका कळीचं सांग. कोण कसं मारतंय.

पहिली कळ न्यूट्रोफिलची, कारण शंभरात पन्नास-साठ त्याच. बारीक दोऱ्यानं जोडलेले केंद्रकाचे तीन-चार तुकडे, लांबून ओळखू येतात. अस्थिमज्जा दिवसाला 10,000 कोटींच्या घरात न्यूट्रोफिल बनवते आणि रक्तात त्या फार टिकत नाहीत. त्या जिवाणूला गिळतात इतपत शाळेत शिकलो होतो. गिळल्यावरचं ऐकून मला हसू आलं. ऑक्सिजनपासून आधी सुपरऑक्साइड, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मग मायलोपेरॉक्सिडेज नावाचं विकर अंगातल्या मिठाचा क्लोराइड वापरून त्याचं हायपोक्लोरस आम्ल करतं. म्हणजे हायपो की हे! आमच्या टेबलाखाली बादली असते एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटची. वापरलेल्या नळ्या, टिप्स, सांडलेलं रक्त पुसलेला कापूस, सगळं त्यात. त्या वासानं माझ्या साड्यांच्या पदरांचे रंग गेलेत. जंतू मारायला आम्ही जे विकत आणतो, जवळजवळ तेच ही पेशी पोटातल्या पोटात बनवते. मायलोपेरॉक्सिडेजचा मूळ रंग हिरवा आहे. पिकलेल्या फोडातला पू हिरवट दिसतो तो त्यानंच.

हायपो जसा जंतू आणि साडी यांत फरक करत नाही, तसंच न्यूट्रोफिलचंही. आजूबाजूचं मांस जळतं. 2004 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवलं की ही पेशी वेळ पडली तर स्वतःचं केंद्रक उलगडून डीएनएचं जाळं बाहेर फेकते. जाळ्याला विषारी प्रथिनं चिकटलेली असतात, जिवाणू त्यात गुंततात. बहुतेक वेळा ती स्वतःही त्यात संपते. आणि अँटीबॉडी चिकटलेली कॅन्सरची पेशी समोर आली तर तिला अख्खी गिळता येत नाही म्हणून न्यूट्रोफिल तिचे लचके तोडते. पडदा फाटतो, पेशी मरते. "कुत्र्यागत," मी म्हटलं. भाचीला हे आवडलं नाही. तिच्या मते त्यात एक शिस्त आहे.

इओसिनोफिल माझी लाडकी. सुंदर पेशी आहे हो. दोन पाकळ्यांचं केंद्रक आणि बाकी सगळं अंग शेंदरी दाण्यांनी गच्च. पाउल एर्लिख यांनी 1879 मध्ये हिला नाव दिलं, इओसिन हा तांबडा रंग ती आवडीनं पिते म्हणून. खानापूर तालुक्यातून, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूनं माणसं येतात. रोप लावणीला दिवसभर अनवाणी चिखलात, आणि हुकवर्मच्या अळ्या तळपायाच्या कातडीतूनच आत जातात. मग इओसिनोफिल 15, 20 टक्के. एरवी शंभरात चार-पाच दिसायच्या. जंत केवढा आणि पेशी केवढी, गिळणार कसा? म्हणून इओसिनोफिल अँटीबॉडी लागलेल्या जंताच्या अंगाला जाऊन चिकटतात आणि दाणे त्याच्यावर रिकामे करतात. त्यातलं मेजर बेसिक प्रोटीन नावाचं प्रथिन जंताच्या कातडीला भोकं पाडतं. काचेच्या बशीत लहान अळ्या अशा मरताना लोकांनी बघितल्या आहेत. दम्याच्या माणसाच्या श्वासनळीत तेच दाणे जंत नसताना रिकामे होतात. त्याचा त्रास ज्याला होतो त्याला शेंदरी सौंदर्याचं काय सांगायचं.

बेसोफिल शंभरात एखादी, कधी तीही नाही. आम्ही पुढं गेलो.

मोनोसाइटवर माझी एक जुनी गोष्ट आहे, ती नंतर सांगते. ही रक्तातून मांसात उतरली की तिची मॅक्रोफेज होते, मोठ्या तोंडाची पेशी. इल्या मेचनिकॉव यांनी 1882 मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि सकाळी काट्याभोवती हलत्या पेशींचा गराडा पडलेला बघितला. 1908 मध्ये त्यांना आणि एर्लिखना मिळून नोबेल मिळालं. जिवंत पेशी बघायला मेचनिकॉवना पारदर्शक जीव लागला आणि मला भाचीचा फोन. मॅक्रोफेजचं बहुतेक काम मारण्याचं नाही, उचलण्याचं आहे. तांबड्या पेशीचं आयुष्य 120 दिवसांचं. दर सेकंदाला 20 लाखांच्या आसपास तांबड्या पेशी म्हाताऱ्या होतात आणि प्लीहा, यकृत इथल्या मॅक्रोफेज त्यांना मुकाट्यानं खाऊन लोखंड परत देतात.

राहिली ती लिम्फोसाइट. तोवर अकरा वाजले होते, लाईट गेली होती, आणि भाची म्हणाली, "उरलेलं सकाळी. ह्याला वेळ लागतोय."

सकाळी आम्ही व्हॅक्सिन डेपोत फिरायला गेलो. बेळगावकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. टिळकवाडीतली ही जुन्या झाडांची मोठी जागा. देवीची लस इथं बनायची. वासरांच्या कातडीवर लसीच्या विषाणूचे फोड उठवून त्यातलं लसद्रव्य काढायचे, आणि ते गावोगाव जायचं. आता लोक चालायला येतात, पोरं क्रिकेट खेळतात. इम्युनॉलॉजीवर बोलायला बेळगावात ह्याहून बरी जागा नाही, आणि तिथं एकाही झाडाला ते माहीत नाही.

भाची म्हणाली, शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे तुकडे काढून बाहेर मांडून ठेवते, एमएचसी नावाच्या प्रथिनाच्या तळहातावर. टी पेशी येऊन ते तुकडे चाचपते. आत विषाणू असला तर विषाणूचा तुकडाही बाहेर येतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी 1974 मध्ये दाखवलं की टी पेशी नुसता विषाणू ओळखत नाही, आपल्या तळहातावर ठेवलेला विषाणूचा तुकडा ओळखते. 1996 चं नोबेल त्यांना त्यासाठी. डोहर्टी जनावरांचे डॉक्टर. हे ऐकून मला उगीचच त्या वासरांचं बरं वाटलं.

"म्हंजे आधार कार्ड दाखवल्यागत," ती म्हणाली.

मी नको म्हटलं. आमच्या ह्या पट्ट्यात कार्ड, पाटी, गाडीचा नंबर दाखवायची उपमा सरळ राहत नाही. 'केए 22' आणि 'एमएच 09' यांच्या मधल्या नाक्यावर आम्ही काय काय बघितलंय, त्यात पेशींना कशाला ओढायचं. मी तिला रविवार पेठेतली तांदळाची दुकानं सांगितली. पोती ओळीनं उभी, प्रत्येक पोत्याच्या तोंडावर मूठभर तांदूळ उघडे ठेवलेले. गिऱ्हाईक चिमटीत दाणे घेतं, तळहातावर चोळतं, वास घेतं. आत काय आहे ते वरच्या मुठीवरून. टी पेशी म्हणजे हे गिऱ्हाईक. बासमती म्हणून लावलेल्या पोत्यात एक दाणा भलता निघाला की हिला कळतं.

"आणि कुणी मूठच ठेवली नाही तर?" भाचीनं विचारलं. ती मला शिकवत होती का माझ्याकडून वदवून घेत होती, कोण जाणे.

तिथंच नॅचरल किलर पेशी येते. काही विषाणू आणि पुष्कळ कॅन्सर एवढे बिलंदर असतात की नमुना मांडणंच बंद करतात. टी पेशी येते, हाताला काही लागत नाही, पुढं जाते. नॅचरल किलर पेशी नेमकी रिकाम्या तोंडाच्या पोत्याशी थांबते. एमएचसी हाताला लागलं तर तिला आवर बसतो. लागलं नाही आणि पेशीच्या अंगावर त्रासाच्या खुणा दिसल्या, की ती मारते. 1975 च्या सुमारास स्टॉकहोममध्ये आणि अमेरिकेत ह्या पेशी लक्षात आल्या, तोवर त्यांचं मारणं प्रयोगातला गोंधळ म्हणून लोक सोडून देत होते. स्वीडनचे क्लास कॅरे आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये दाखवून दिलं की ह्या पेशी परक्याची खूण शोधतच नाहीत, आपल्याची खूण हरवलेली शोधतात. हे वाक्य भाचीनं दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा गप्प राहिले.

ओळखण्याच्या दोन तऱ्हा, पण मारायची रीत दोघींची एकच. तीच ती दाण्यांची. अंगाला अंग चिकटलं की भोवती एक घट्ट कडं तयार होतं, मधली फट बाहेरच्या जगापासून बंद. पेशीच्या आतला सेंट्रोसोम, म्हणजे तिच्या सांगाड्याचे दोरे जिथून निघतात तो ठिपका, त्या जागेपर्यंत चालत येतो आणि दाण्यांना मागोमाग ओढून आणतो. दाण्यातलं पर्फोरिन नावाचं प्रथिन फटीत सांडतं, समोरच्या पडद्यावर बसतं, वीसेक रेणू गोल करून एकमेकांना जुळतात, आणि भोक पडतं.

मी विचारलं, हे पर्फोरिन दाण्यात असताना दाण्यालाच भोक का पाडत नाही? ती म्हणाली, दाण्यात आंबट असतंय, आम्ल. आम्लात ते निजलेलं असतं. बाहेर आम्ल जातं, कॅल्शियम मिळतं, मग जागं होतं. निपाणीच्या पोरीला हे दुसऱ्यांदा सांगायला लागलं नाही. माझे वडील तंबाखूच्या वखारीत होते. नुसती तंबाखू गालात धरली तर तिला जोर नाही. चुना मळला की चढते, कारण चुन्यानं तिचं आम्ल मरतं आणि निकोटिन सुटतं. चुना म्हणजे तरी काय, कॅल्शियमच. आम्ल जायला पाहिजे आणि कॅल्शियम यायला पाहिजे. भाचीचे आजोबा तळहातावर अंगठा फिरवत तिच्या प्रबंधाचं एक पान रोज मळत होते.

भोकानंच पेशी मरत असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही. पेशी भोक बुजवायला धावते आणि मिनिटा-दीड मिनिटात बुजवतेही. पण तेवढ्यात दाण्यातली ग्रॅन्झाइम नावाची विकरं आत शिरलेली असतात. माणसात ती पाच प्रकारची आहेत. ग्रॅन्झाइम-बी आत जाऊन पेशीच्याच कपाटात पडून असलेली कॅस्पेज नावाची विकरं जागी करतं, आणि त्यापुढं पेशी स्वतः स्वतःला आवरायला घेते. डीएनए कापते, सांगाडा मोडते, पुड्या बांधते. पडद्याच्या आतल्या अंगाचा एक मेदरेणू बाहेर येतो, ती मॅक्रोफेजला खूण, ये आणि उचल. पू नाही, हायपो नाही, शेजारणीला चटका नाही. दुसरी रीत तर ह्याहून साधी. टी पेशीच्या अंगावर फास-लिगंड असतो, समोरच्या पेशीच्या दाराला फास नावाची घंटी. घंटी दाबली की आतली कॅस्पेज जागी होतात. संसर्ग संपल्यावर गरजेपेक्षा जास्त झालेल्या टी पेशी आवरतात, त्यात ह्या घंटीचा हात असतो.

मारेकरी पेशी स्वतः वाचते कशी, याचं उत्तर 2019 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दिलं. तिच्या पडद्यातले मेदरेणू इतके दाटीनं बसलेले असतात की पर्फोरिनला शिरायला जागा मिळत नाही. पर्फोरिनची घडण मात्र तिची एकटीची नाही. रक्तात फिरत जंतूंना भोकं पाडणाऱ्या पूरक प्रथिनांमधलं शेवटचं प्रथिन त्याच साच्याचं आहे, आणि काही जिवाणूंची भोकं पाडणारी विषंसुद्धा. शस्त्र दोन्हीकडं एकाच साच्यातलं.

आता ती मोनोसाइटची गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी चिकोडीकडची एक पाच-सहा वर्षांची मुलगी होती. ताप तीन आठवडे उतरत नव्हता. प्लीहा बेंबीपर्यंत आलेली. तांबड्या, पांढऱ्या, प्लेटलेट, सगळ्या खाली. तिचा डीसी मी तीनदा केला. शंभर पेशी सापडायलाच वेळ लागायचा, काउंटरची घंटी वाजतच नव्हती. आई कानडी बोलायची, वडील मराठी. रक्त हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, त्यामुळं आमचं तेवढ्यावर भागायचं. पेशीला कानडीत जीवकोश म्हणतात, हा शब्द मी त्या बाईकडून शिकले. आमच्या 'पेशी'पेक्षा मला तो जास्त आवडतो. शेवटी डॉक्टरांनी अस्थिमज्जा काढली, स्लाइड मी रंगवली, आणि त्यांनी मला बोलावून दाखवलं. एक मॅक्रोफेज, तिच्या पोटात चार तांबड्या पेशी आणि एक न्यूट्रोफिल, अख्ख्या. बाकीच्या मॅक्रोफेजही तशाच, तट्ट फुगलेल्या. म्हाताऱ्या पेशी उचलणाऱ्या ह्या, तरण्या पेशी खात होत्या. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मुलीला बंगळुरूला पाठवलं. पुढं त्या घरातलं कुणी लॅबमध्ये आलं नाही.

इतकी वर्षं माझी समजूत अशी होती की त्या पोरीच्या पेशी फार मारत होत्या. भाचीनं डेपोतल्या ओल्या बाकावर रुमाल पसरून मला उलटं सांगितलं. ह्या आजाराला एचएलएच म्हणतात. काही मुलांत तो जन्मजात असतो, आणि 1999 मध्ये त्यातल्या काहींचं कारण सापडलं. पर्फोरिनचा जीन बिघडलेला. त्यांच्या टी पेशी मारू शकत नाहीत. येतात, ओळखतात, चिकटतात, दाणे पुढं आणतात, आणि काही होत नाही. समोरची मरत नाही म्हणून ही तिला सोडत नाही. नेहमी काही मिनिटांत सुटायची मिठी कितीतरी पट लांबते, आणि चिकटलेली पेशी सगळा वेळ मदतीला हाका मारत राहते. इंटरफेरॉन-गॅमा, आणखी काय काय. त्या हाकांनी मॅक्रोफेज पिसाळतात आणि समोर येईल ते खायला लागतात.

"मग एरवी सुटते कशी?"

"मरणारी पेशी सांगती तिला," ती म्हणाली. "आतली कॅस्पेज सुरू झाली की खूण मिळती. मग हिची पकड सुटती."

मी तिला परत एकदा सांगायला लावलं. मरणारी सांगते, सोड आता. आणि मारणारी ऐकते.

ह्या आजारात डॉक्टर जी औषधं देतात त्यात एटोपोसाइड असतं, कॅन्सरचंच औषध. ते मदतीला हाका मारणाऱ्या त्या टी पेशींनाच मारतं. बाहेरून येऊन मिठी सोडवायची, दुसरं काय. भाचीनं मग 'कार-टी'चं सांगितलं. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून त्यांना कॅन्सरची खूण ओळखायला शिकवून परत सोडतात. मुंबईच्या आयआयटीत घडलेल्या अशा उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. त्यातही हाकांचं वादळ उठायची भीती असते. पण माझं लक्ष तिकडं नव्हतं. मला चिकोडीच्या पोरीच्या तीन स्लाइडी आठवत होत्या. तिच्या लिम्फोसाइटमध्ये दाणे होते का? असतील. पर्फोरिन बिघडलं तरी दाणे दिसायला जिथल्या तिथं दिसतात, भाची म्हणाली. तिचा आजार जन्मजात होता का एखाद्या तापानं उठवलेला, हेही त्या काचांवरून कळलं नसतं. स्लाइडी आम्ही फार तर काही महिने ठेवतो. मग त्या हायपोच्या बादलीत.

भाची दुपारच्या गाडीनं गेली. मी तिला कुंद्याचा डबा दिला, तिनं पुण्यात तो फ्रीजमध्ये ठेवू नये म्हणून दोनदा बजावलं. लॅबमध्ये मशीन अजून बसलेलंच होतं. पहिली स्लाइड येळ्ळूरच्या एका पोराची, तापाचा चौथा दिवस. बेचाळिसाव्या पेशीला एक मोठी लिम्फोसाइट आली. रुंद किनार, आत दाणे. मोजले, नऊ होते. सगळे एका बाजूला, केंद्रकाच्या खळीत गोळा झालेले. रक्तातून काढली तेव्हा ही कुठं निघाली होती की नुसती वाहत होती, कोण सांगणार. बाहेरून पोराची आजी डोकावली. "बाई, पेशी किती?"

"मोजायलोय आजी," मी म्हटलं आणि लिम्फोसाइटची कळ दाबली.